फिटच्या गोळ्या घरात कशा सांभाळता? पावसाळ्यात आमच्याकडे जे झालं ते लिहिते आहे

कोकणपाट | १३ जुलै, रात्री ९:५२

आम्ही चिपळूणजवळ राहतो. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. दहावीत असताना त्याला पहिली फिट आली, तेव्हापासून कार्बामाझेपिन चालू आहे. २०० ची साधी गोळी, दिवसातून तीनदा. पावणेतीन वर्षं एकही फिट नव्हती. मागच्या रविवारी सकाळी तो मोरीत दात घासत होता आणि तिथेच कोसळला. कपाळाला चार टाके पडले.

तालुक्याच्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "गोळी चुकवली का?" आई तिथेच रडायला लागली. कारण तिने आजवर एकही गोळी चुकू दिलेली नाही. तिची पद्धत अशी: महिन्याच्या नव्वद गोळ्या एकदम आणायच्या, सगळ्या स्ट्रिपमधून सोलून एका बरणीत भरायच्या आणि रोज सकाळी त्यातल्या तीन एका छोट्या स्टीलच्या वाटीत काढायच्या. रात्री वाटी रिकामी असली की दिवस नीट गेला. वाटीत गोळी उरली तर चुकली, हे लगेच कळतं. बरणी स्वयंपाकघरात माठाच्या वरच्या फळीवर, पाणी घेताना समोर दिसावी म्हणून.

बुधवारी कोल्हापूरला त्याच्या नेहमीच्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. रक्तातली औषधाची लेव्हल काढली, ती ३.४ आली. गेल्या वर्षी ७ होती. साधारण ४ ते १२ मध्ये असावी लागते. गोळ्या नीट घेतल्यात हे आई शपथेवर सांगत होती. डॉक्टरांनी तिच्यावर अविश्वास दाखवला नाही, उलट शांतपणे विचारलं, "गोळ्या ठेवता कुठे?" आईने बरणीचं सांगितलं. ते म्हणाले, कार्बामाझेपिनची साधी गोळी दमट हवेत ओलावा धरते, कडक होते आणि मग पोटात नीट विरघळत नाही. दिसायला तशीच दिसते, पण परिणाम एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्येच याबद्दल इशारा दिला होता म्हणे. आणि आमच्याकडे जूनपासून भिंतीला हात लावला तरी ओला होतो.

हेच एकमेव कारण असं छातीठोक सांगता येणार नाही, असंही डॉक्टर म्हणाले. लावणीच्या गडबडीत भावाची दोन रात्री झोप झाली नव्हती, तेही एक निमित्त असू शकतं. पण आजपासून गोळी तोंडात टाकेपर्यंत स्ट्रिपमध्येच राहू द्या, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं.

आई दोन दिवस जेवली नाही. "मीच माझ्या हाताने केलं," एवढंच म्हणते. तिला दाखवण्यासाठी हा धागा काढते आहे. तुमच्या घरी औषध नीट घेऊनही कुठे काय निसटलं, कसं लक्षात आलं, ते लिहाल का? डोस कुणी विचारू नये, सांगूही नये. तो ज्याचा त्याच्या डॉक्टरांनाच ठरवू दे.

---

अजिंक्यतारा | १३ जुलै, रात्री १०:३०

ताई, आईंना पहिल्यांदा हे सांगा की त्यांची चूक नाही. वाटीची पद्धत चांगलीच आहे. मी साताऱ्यात गेली १९ वर्षं मेडिकल चालवतो. गोळ्या बाहेर काढून ठेवू नका असं काउंटरवर सांगायचं काम आमचं. ते आम्ही केलं नाही तर घरच्यांना कळणार कसं?

फिटच्याच दुसऱ्या औषधाचं, सोडियम व्हॅल्प्रोएटचंही तसंच आहे. ती गोळी हवेतलं पाणी फार पटकन ओढते. स्ट्रिप फोडून ठेवली तर चिकट होते. फ्रिजमध्ये ठेवणारेही खूप भेटतात. फ्रिजमधून आत-बाहेर केलं की दव धरतं, तेही नको. बेडरूममधलं कपाट चांगलं. मोरी, माठ, गॅसची शेगडी, खिडकी यांपासून लांब.

आता माझ्या बाजूचं सांगतो. फिटच्या औषधाच्या बाबतीत काउंटरवर तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला म्हणजे नावापुढची अक्षरं. सीआर, क्रोनो, ईआर अशी अक्षरं असतील तर ते औषध पोटात हळूहळू सुटणारं असतं. साधी गोळी आणि सीआर गोळी यांचे मिलिग्रॅम सारखे असले तरी दोन्ही एक नव्हेत. सीआरच्या जागी साधी गेली तर औषध एकदम चढतं आणि लवकर उतरतं. आणि हळू सुटणारी गोळी चुरून किंवा चावून कधीही घेऊ नये. अर्धी करायला सांगितली असेल तर ती मधल्या रेघेवर मोडते ना, हे विचारून घ्या.

दुसरा, "हे नाही, पण कंटेंट तोच आहे, हे घ्या." बीपी-ॲसिडिटीच्या बऱ्याच गोळ्यांना हे चालून जातं. फिटच्या गोळीत दर महिन्याला कंपनी बदलणं मला पटत नाही. जेनेरिक वाईट असतं असं मी म्हणत नाही, जनऔषधी केंद्रातून घेऊन वर्षानुवर्षं व्यवस्थित असलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण जे सुरू केलंत तेच धरून राहा, आणि बदलायची वेळच आली तर डॉक्टरांना आधी कळवा. आमच्या शिक्षणात ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेनचं उदाहरण होतं. १९६८ मध्ये तिथे फेनिटोइन या फिटच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये भरायची नुसती पूड बदलली, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं. औषध तेच, मिलिग्रॅम तेच. पण आधीची पूड औषधाला अडवत होती, नवी अडवत नव्हती. माणसं झोकांड्या खायला लागली, कारण औषध जास्त प्रमाणात रक्तात जायला लागलं होतं.

तिसरा घोळ सुट्या गोळ्यांचा. सहा गोळ्या कापून घेतल्या आणि नाव-मुदत असलेला तुकडा दुकानातच राहिला, मग घरी चार तऱ्हेचे पांढरे तुकडे एकत्र. पूर्ण स्ट्रिप घ्या. परवडत नसेल तर दुकानदाराला नाव लिहिलेल्या पाकिटात द्यायला सांगा.

---

सोनटक्का | १३ जुलै, रात्री ११:१५

काळजाला हात घातलात. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिचं सिरप बदललं होतं, व्हॅल्प्रोएटवरून लेव्हेटिरासेटॅमवर. आधीचं ५ एमएल देत होतो, नवीन २ एमएल द्यायचं होतं. मी ऑफिसला, घरी माझ्या सासूबाई. त्यांनी प्रेमाने, वेळेवर, रोजच्यासारखं ५ एमएल दिलं. बाटलीसुद्धा साधारण तेवढीच, झाकणाचा रंग तोच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी उठेचना. उठवलं की चिडून चावायला यायची, परत झोपायची. डॉक्टरांना फोनवर बाटलीवरचं वाचून दाखवलं तेव्हा उलगडा झाला. व्हॅल्प्रोएटच्या सिरपमध्ये ५ एमएलला २०० मिलिग्रॅम होते आणि नव्यात १ एमएललाच १००. म्हणजे २०० ऐवजी ५०० गेले, तेही लागोपाठ तीन वेळा. सुदैवाने दवाखान्यात एक रात्र लक्ष ठेवून सोडलं.

तेव्हापासून आमच्याकडे चमचा बंद. सुई नसलेली सिरिंज वापरतो आणि तिच्यावर २ च्या रेघेला लाल नेलपॉलिश लावलं आहे. सासूबाईंना चष्मा नसला तरी लाल दिसतं. जुनी बाटली ज्या दिवशी औषध बदललं त्याच दिवशी मोरीत ओतली.

---

अजिंक्यतारा | १३ जुलै, रात्री ११:४०

नेलपॉलिशचं उद्यापासून मीच सगळ्यांना सांगणार. एक भर घालतो: फेनिटोइनचं सिरप असेल तर प्रत्येक वेळी बाटली नीट हलवा. औषध तळाला बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे आठ दिवस पोराला कमी मिळतं आणि बाटली संपताना जास्त. घरच्यांना वाटतं, डोस तर तोच आहे. आणि उरलेलं औषध मोरीत ओतण्याऐवजी दुकानात आणून द्या, आम्ही नष्ट करायला पाठवतो.

---

भीमाकाठ | १४ जुलै, सकाळी ७:०५

वडील ७१ वर्षांचे. लकव्यानंतर फिट येऊ लागली, म्हणून फेनिटोइन १०० च्या तीन गोळ्या रात्री. एप्रिलमध्ये एक लहानशी फिट आली तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी एक वाढवली, तीनाच्या चार. पंधरा दिवसांत वडील दारू प्यायल्यासारखे चालायला लागले. ताट समोर असून घास बाजूला जायचा. डोळे एका जागी ठरत नव्हते. आम्हाला वाटलं, दुसरा लकवा. रात्रीच सोलापूरला घेऊन गेलो. स्कॅनमध्ये नवीन काही नाही. लेव्हल ३१. ती १० ते २० असायला हवी.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलेलं मला नीट लक्षात राहिलं. यकृताला हे औषध एका मर्यादेपर्यंतच निपटता येतं. हंडा काठोकाठ भरला की पुढचा एक तांब्याही सगळाच्या सगळा बाहेर सांडतो, तसं. म्हणून फेनिटोइन वाढवायचं ते थोडं थोडं आणि लेव्हल बघत. अख्खी १०० ची गोळी एकदम नाही.

म्हातारं माणूस झोकांड्या खातंय, बोबडं बोलतंय, एकाचे दोन दिसतायत म्हणतंय, तर वयाला किंवा लकव्याला नाव ठेवायच्या आधी गोळीचा विचार करा.

---

देवराई | १४ जुलै, सकाळी ९:२०

आम्ही फसलो ते हर्नियाच्या ऑपरेशनला. "रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही," असं वॉर्डमध्ये सांगितलं. आम्ही तंतोतंत पाळलं. सकाळची गोळी गेली. नंबर लागायला दुपारचे दोन वाजले, म्हणजे दुपारचीही गेली. ऑपरेशननंतर वॉर्डात मोठी फिट. पुढच्या वेळी भूलतज्ज्ञांना आधीच विचारलं, तर ते म्हणाले, फिटची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. गिळता येणार नसेल तर आम्ही शिरेतून देऊ. आता ॲडमिट होताना केसपेपरच्या वर मी मोठ्या अक्षरात लिहून घेते: फिटचं औषध थांबवू नये.

---

निवडुंग_७ | १४ जुलै, सकाळी १०:४५

एक प्रामाणिक प्रश्न आहे, रागावू नका. माझ्या मावसभावाला गावाकडच्या एका माणसाच्या पुड्या चालू आहेत. जडीबुटी म्हणतात. दोन वर्षं फिट नाही. डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यात. आता तो माणूस महिनाभर बाहेरगावी आहे आणि पुड्या संपत आल्यात. काय करावं?

---

अजिंक्यतारा | १४ जुलै, सकाळी ११:१०

रागावण्यासारखं काहीच नाही, उलट विचारलंत ते फार बरं झालं. पण हे आजच करा, उद्यावर टाकू नका. अशा जडीबुटीच्या पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन मिसळलेलं सापडल्याच्या घटना आपल्या देशात झालेल्या आहेत. ते फिटचं खरंखुरं, १९१२ पासून वापरात असलेलं, स्वस्त औषध आहे. म्हणून फिट थांबते. पण पुडीत किती आहे ते कुणालाच माहीत नसतं आणि ते अचानक तुटलं तर एकामागून एक फिट येऊन माणूस शुद्धीवरच येत नाही, अशी वेळ येऊ शकते. पुड्या उरल्यात तोवर त्या चालू ठेवून, उरलेल्या पुड्या सोबत घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. काहीही लपवू नका. डॉक्टर हळूहळू दुसऱ्या औषधावर आणतील.

---

निवडुंग_७ | १४ जुलै, सकाळी ११:२५

मावशीला फोन केला. दुपारच्या एसटीने निघतायत.

---

हळदओली | १४ जुलै, दुपारी ३:३०

खूप वेळ लिहू की नको करत होते. माझं लग्न २०१९ मध्ये झालं. नवऱ्याला फिटचं माहीत होतं, मी स्वतः पहिल्या भेटीत सांगितलं होतं. सासरी बाकी कुणाला सांगायचं नाही, हे माझ्या आईने आणि त्याने मिळून ठरवलं. हेतू वाईट नव्हता कुणाचाच.

गोळ्या मी टिकल्यांच्या डबीत ठेवल्या होत्या. लग्नानंतरचे दिवस कसे असतात ते माहीतच आहे. पाहुण्यांनी भरलेलं घर, सत्यनारायण, जागरण-गोंधळ, मग जेजुरी. झोप तीन-चार तास. रात्री नऊची गोळी घ्यायला पर्स उघडली की कुणीतरी खोलीत यायचंच, "काय गं, काय शोधतेस?" मी पर्स बंद करायचे. नंतर घेऊ म्हणत राहून जायची. सहाव्या दिवशी, जेजुरीहून परतताना गाडीत फिट आली. नव्या साडीत, दोन्ही घरच्या माणसांसमोर. कुणी चप्पल नाकाला लावली, कुणी दातात चमचा घालायला धावलं. माझी एक दाढ अजून अर्धी तुटलेली आहे.

सासूबाई नंतर एवढंच म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर मी स्वतः नऊ वाजता पाण्याचा तांब्या घेऊन आले असते." आजही त्याच आठवण करतात.

ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्यांना कळकळीने सांगते: लपवलेली गोळी हमखास चुकते. कायद्याची भीती घालणारे लोक भेटतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख होता हे खरं, पण तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे. पुण्यात संवेदना फाउंडेशन आहे, अपस्मार असलेल्यांचा आधारगट. अशा ठिकाणी मनमोकळं बोलता येतं. मला उशिरा कळलं.

दुसरी गोष्ट मूल होण्याची. मी तेव्हा व्हॅल्प्रोएटवर होते आणि मला कुणीही काही बोललं नव्हतं. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग असतं, एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. दहातल्या तीन-चार मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचणी येऊ शकतात. हे वाचून मी घाबरून गोळीच बंद करणार होते. नशिबाने आधी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "एकाएकी बंद करशील तर तुझ्याच जिवाला धोका." मग आठ महिने घेऊन हळूहळू लॅमोट्रिजिनवर आणलं, फोलिक ॲसिड सुरू केलं, आणि त्यानंतरच दिवस राहू दिले. गरोदरपणी लॅमोट्रिजिनची लेव्हल खाली जाते म्हणून दर महिन्याला तपासणी. मुलगा आता तीन वर्षांचा आहे.

आणि पाळी पुढे ढकलायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या मैत्रिणीचं ऐकून घेऊ नका. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने लॅमोट्रिजिन जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. उलट कार्बामाझेपिन, फेनिटोइन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळीच निकामी होऊ शकते.

---

सोनटक्का | १४ जुलै, दुपारी ४:०२

ताई, वाचताना डोळे भरून आले. लिहिलंत म्हणून आभार.

---

पारिजात_नर्स | १४ जुलै, रात्री ८:१५

मी आयसीयूमध्ये काम करते. दुसऱ्याच आजारासाठी घेतलेल्या औषधाने फिट येते, हे आम्ही फार पाहतो. अंगदुखीला ट्रॅमाडॉल. जुलाबाला किंवा लघवीच्या संसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन. ही औषधं फिटचा उंबरठा खाली आणतात, म्हणजे फिट सहज येऊ शकते. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं आणि पेशंट कार्बामाझेपिनवर असेल तर कार्बामाझेपिन चढतं, चक्कर, उलट्या, एकाचे दोन दिसतात. टीबीच्या औषधांमुळे लेव्हल खालीवर होतात. आयसीयूतलं मेरोपेनेम हे अँटिबायोटिक आणि व्हॅल्प्रोएट यांचं तर मुळीच जमत नाही, एका दिवसात व्हॅल्प्रोएटची लेव्हल कोसळते. चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येत नसेल तर लेव्हेटिरासेटॅमच्या जागी लेव्होफ्लॉक्सासिन जाऊ शकतं, म्हणजे फिट थांबवणाऱ्या गोळीऐवजी फिटला वाट देणारी.

कोणत्याही डॉक्टरांकडे, दाताच्या सुद्धा, गेलात की पहिलं वाक्य हेच असू दे: "मला फिटची अमुक गोळी चालू आहे."

नवीन गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन महिने अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, सोबत ताप असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन यांत क्वचित फार गंभीर प्रकार होतो, कातडी सोलवटते. लॅमोट्रिजिन इतकं हळू का वाढवतात असं विचारतात, ते यासाठीच.

आणि फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे, तोही डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिला असेल तितकाच. आणि १०८ ला फोन.

---

टाळमृदंग | १५ जुलै, सकाळी ६:२०

आमचे काका २२ वर्षं वारी करतात, १४ वर्षांपासून फिटची गोळी आहे. गोळ्यांची स्ट्रिप झिपच्या पिशवीत, ती पिशवी दंडाला बांधलेल्या पट्ट्यात. दुसरा संच दिंडीच्या ट्रकमध्ये, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह. एकादशीला निर्जळी करायचे ते डॉक्टरांनी सोडवलं. त्यांच्याच दिंडीचे महाराज म्हणाले, औषधाच्या घोटाने उपास मोडत नाही. गोळी चुकली तर काय करायचं तेही डॉक्टरांकडून लिहून घेतलंय: आठवेल तेव्हा घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका.

---

वाळवंटी_मराठी | १५ जुलै, दुपारी १२:१०

दुबईला येणाऱ्यांनी क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन असेल तर निघण्याआधी इथल्या सरकारची परवानगी काढावी. औषध मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

---

निवडुंग_७ | १५ जुलै, रात्री ८:४०

मावसभाऊ ॲडमिट आहे, बरा आहे. पुडी तपासायला दिली आहे. तोवर शिरेतून औषध चालू केलंय. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

---

कोकणपाट | १६ जुलै, रात्री १०:०५

सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. हळदओलीताईंच्या सासूबाईंचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. अजिंक्यतारा दादांचं "तुमची चूक नाही" ऐकल्यावर काही बोलली नाही, पण उठून चहा टाकला.

तिने वाटी सोडलेली नाही. आता स्ट्रिप कात्रीने कापते, प्रत्येक गोळी आपल्या बंद चांदीच्या घरातच राहील अशी, आणि नाव-मुदत लिहिलेलं टोक शेवटपर्यंत ठेवते. सकाळी वाटीत तीन चौकोनी तुकडे असतात. गोळी घेतली की रिकामा तुकडा परत वाटीतच टाकायचा, असं भावाला बजावलंय, म्हणजे रात्री मोजता येतात. बाकीच्या स्ट्रिपा तिच्या लुगड्यांच्या कपाटात, वरच्या खणात गेल्या.

महिन्याअखेरीस परत लेव्हल काढायची आहे. आकडा आला की इथे लिहीन.